दहानंतरची नोंद

१

सोमवार, सकाळचे दहा वाजून पंचावन्न मिनिटं. ठिकाण: लोहारा तालुक्यातल्या करंजवाडीची जुनी ग्रामपंचायत, डाव्या हाताची खोली. खोलीत दोन माणसं, दोन संगणक आणि आपल्या मर्जीनं फिरणारा एक पंखा. विद्यापीठातून परत आलेली फाइल त्या वेळी उघडली गेली आणि ती नऊ मिनिटांनी जास्त भरली.

नऊ मिनिटं ही काही बोंब मारण्यासारखी गोष्ट नाही. या भागात एसटी नऊ मिनिटं उशिरा आली तर लोक तिला वेळेवर आली म्हणतात. पण करिश्मा खुर्चीत पुढं सरकली. तिनं पाठवलेली फाइल बरोबर दहाला संपत होती. दहानंतरचं तिनं काही पाठवलंच नव्हतं.

"मामा, ठसा वाचा बरं परत."

बब्रुवानमामा हे प्रकल्पाचे पहारेकरी. वय अठ्ठावन्न, मिशा पोलीस पाटलाच्या, आवाज दवंडी देणाऱ्याचा. आठ महिन्यांत एकही चोर इकडं फिरकला नाही, म्हणून ठसा वाचायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. फाइल इथून निघताना संगणक तिच्यावरून अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ काढतो. तिकडं पोचल्यावर तिकडचा संगणकही काढतो. दोन्ही ओळी जुळल्या की वाटेत एक कणही सांडला नाही असं समजायचं. या ओळीला करिश्मा ठसा म्हणायची, आणि मामा तिची शेवटची चार अक्षरं कोर्टातल्या पुकाऱ्यासारखी वाचायचे.

"एफ! सात! डी! शून्य!" मामा गरजले. "तिकडं बी तेच, हितं बी तेच. आता च्या?"

फाइल जाताना ठसा जुळला होता आणि येतानाही जुळला होता. म्हणजे वाटेत काही मिसळलं नव्हतं. जे आलं, ते तिकडूनच तसं निघालं होतं.

२

करंजवाडी हे त्र्याण्णवच्या भूकंपानंतर उठून नव्या जागी बसलेलं गाव. जुनं गावठाण पश्चिमेला दीड किलोमीटरवर, ओढ्याच्या अंगाला. आता तिथं दगडांच्या रांगा, चार कडुलिंबं आणि गुडघाभर गवत. विद्यापीठानं या खोलीपासून थेट गावठाणापलीकडं, पाणंदीच्या कडेकडेनं, अडीच किलोमीटर काचतंतूची केबल हातभर खोल पुरली. जमीन जराशी हलली की केबलच्या दर मीटरला नोंद होते: कुठं हलली, कधी हलली, किती हलली. भूकंपाआधी जमीन काय बोलते ते ऐकायचं, असं उद्घाटनाच्या दिवशी भाषणात सांगितलं गेलं. त्या दिवशी शाली होत्या, नारळ होते, मांडव होता. भिंतीवरच्या पाटीत प्रकल्पाच्या नावापेक्षा पाहुण्यांची नावं मोठी. त्यातला एकही पाहुणा पुन्हा इकडं आला नाही. जमिनीचं बोलणं ऐकायला मागं राहिली ती करिश्मा. लोहाऱ्याच्या कॉलेजातून संगणकाची पदवी घेतलेली, अकरा महिन्यांच्या करारावरची.

केबल दिवसाला एवढी माहिती ओकते की ग्रामपंचायतीच्या लाइननं एका आठवड्याची धाडायची म्हटली तर एकोणीस दिवस लागतील. हे करिश्मानं विद्यापीठाला चार वेळा लेखी कळवलं. चारही वेळा 'आपला मेल मिळाला' एवढंच उत्तर आलं. शेवटी तिनंच मार्ग काढला. शनिवारी आठवड्याची माहिती हार्ड डिस्कवर भरायची, डिस्क टॉवेलात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवायची आणि डबा सोलापूरच्या एसटीत ड्रायव्हरच्या पायाशी द्यायचा. गावातली माणसं शिकायला गेलेल्या लेकरांना जेवण धाडतात, अगदी त्याच रीतीनं. एकदा नव्या ड्रायव्हरनं भूक लागली म्हणून डबा उघडला आणि उमरग्याच्या पुढून फोन केला, "ताई, ह्यात भाकरी न्हायच की!"

रोजच्या रोज लाइननं जायचा तो फक्त गावठाणाचा तुकडा, सकाळी सात ते दहाचा. चाळीस भाग करून. विद्यापीठात एकमेकांना जोडलेले चारशे संगणक ते भाग एकदम चघळायचे, नको तो गोंगाट काढायचे आणि अकराच्या आत स्वच्छ फाइल परत पाठवायचे.

हे सगळं करिश्मानं एकदा आपल्या वडलांना समजावून सांगितलं होतं. बिरू मेंढरं राखणारा माणूस. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"चारशे एका जागी? मंग कळपच झाला की. राखायला किती माणसं?"

"एक बी न्हाय, आप्पा. आपलं आपण चालतंय."

"एक बी न्हाय?" बिरूनं पागोटं काढून डोकं खाजवलं. "आन् आत काय शिरलं तर?"

३

सोमवारी दुपारी करिश्मानं रणधीर सरांना फोन लावला. रणधीर सर प्रकल्पाचे प्रमुख. माणूस वाईट नाही, पण त्यांच्यामागे सदा मीटिंग लागलेली.

"अगं, वेळेतला फरक असेल. आपला सर्व्हर जागतिक वेळ धरतो."

"सर, तो फरक साडेपाच तासांचा. ही नऊ मिनिटं आहेत."

"मग घड्याळ पुढं गेलं असेल तुमच्याकडचं."

"घड्याळ उपग्रहावरून लागतं. मी तपासलं."

"मग आदल्या फाइलचं शेपूट चिकटलं असेल गं. होतं असं."

"आदल्या फाइलच्या शेपटावर आजची तारीख कशी येईल, सर?"

पलीकडं कुणीतरी कागद चाळत होतं.

"बघतो," सर म्हणाले.

'बघतो' या एका शब्दावर या राज्याचा निम्मा कारभार चालतो. करिश्मानं फोन ठेवला आणि स्वतःच बघायला घेतलं. दहा ते दहा वाजून नऊ मिनिटांची मूळ नोंद तिच्या खोलीतल्या यंत्रात होती. तिथून ती कुठंही गेलेली नव्हती. तिनं ती उघडून विद्यापीठातून आलेल्या शेपटाशेजारी ठेवली.

दोन्ही एकच होत्या. दहा वाजून चार मिनिटांनी गावठाणाजवळून ट्रॅक्टर गेला, तो इकडं होता आणि तिकडंही. सातव्या मिनिटाला कुठलासा दगड ढासळला, तोही दोन्हीकडं.

आपणच चुकून जास्त पाठवलं असणार, असं तिनं मनाशी ठरवलं. पाठवल्याची यादी काढली. यादीत शेवट दहाचा होता. तरी तिनं वहीत लिहिलं: 'माझी चूक असावी.' शिकलेल्या माणसाला एवढं लिहिलं की झोप लागते.

४

जमिनीचं ऐकायचं म्हणजे काय, हे करिश्मा गमतीनं सांगायची. नोंदीचा वेग वाढवला की तिचा आवाज होतो आणि कानांना हेडफोन लावून तो ऐकता येतो. पिठाची गिरणी घुमते. ट्रॅक्टर खोकतो. एसटी येते ती आधी पोटातून कण्हत. आणि मेंढरं आली की पत्र्यावर बाजरी ओतल्यासारखा आवाज होतो.

ती मेंढरं तिच्या घरची. सकाळी साडेआठला कळप गावठाणातून चरायला जायचा आणि पावणेबाराच्या सुमाराला तिथूनच पाझर तलावाकडं पाण्याला. बाजरी ओतून झाली की मागून तीन ठोके यायचे. पाऊल, पाऊल, काठी. पाऊल, पाऊल, काठी. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा करिश्माला हसू आलं होतं. आप्पा घरी पाय न वाजवता येतात, पण जमिनीपासून काही लपत नाही! कोणता आवाज कशाचा, याची यादी तिला विद्यापीठाला द्यायची असायची. म्हणजे पुढं संगणकांना ते आपलं आपण ओळखता येतं. त्या यादीत तिनं गिरणी, ट्रॅक्टर, एसटी, मेंढरं असं लिहिलं आणि त्या तीन ठोक्यांपुढं लिहिलं: 'वडील'. चौऱ्याऐंशी दिवस ती ते लिहीत होती.

मंगळवारी शेपूट एकतीस मिनिटांचं निघालं.

बुधवारी फाइल दहा वाजून छप्पन्न मिनिटांनी उघडली आणि ती अकरा वाजून बारा मिनिटांपर्यंत होती.

करिश्मानं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. मोबाइल पाहिला. मग मामांना विचारलं, "मामा, किती वाजले?"

"अकराला चार कमी. कामून?"

तिनं हेडफोन कानाला लावला. अकरा वाजून चार मिनिटांच्या खुणेवर एसटी कण्हत गेली. पुढं तिनं एक गचका खाल्ला आणि बंद पडली. दोन मिनिटांनी पुन्हा चालू झाली.

"मामा," करिश्मा हळूच म्हणाली, "एसटी आता गावठाणापाशी बंद पडंल. दोन मिनिटं. मग येईल."

"पावणेअकराची? ती कधीचीच गेली असंल."

मामा पायरीवर जाऊन उभे राहिले. अकरा चारला लांबवर धूळ उठली आणि थांबली. दोन मिनिटांनी पुन्हा हलली. एसटी थांब्यावर येऊन लागली तेव्हा ड्रायव्हर इंजिनाला शिव्या घालत होता.

बब्रुवानमामांच्या चेहऱ्यावर प्रकल्प सुरू झाल्यापासून पहिल्यांदा विज्ञानाविषयी आदर उमटला.

"पोरी! आठ महिनं ह्ये यंत्र उगंच धूळ खायलं! अगं, एसटी कधी येणार ह्ये खुद डेपो मॅनेजरला ठावं नसतंय!" ते थेट थांब्यावर गेले आणि बाकावर बसलेल्या बायामाणसांना सांगू लागले की उद्यापासून गाडीची खरी वेळ आपल्याकडं विचारावी. तिथं बसलेल्या गजराबाईनं विचारलं, "मामा, ह्ये यंत्र पाऊस सांगतंय का?" मामा म्हणाले, "अर्ज करा, बघू."

करिश्माही हसली. पण हसता हसता तिच्या लक्षात आलं, की पंखा बंद असूनही आपल्या हातांवर काटा आहे.

५

बुधवारी सांजच्याला बिरू वाघरीच्या जाळीच्या तोंडाशी मेंढरं मोजून आत घेत होता. हाताची बोटं हलत होती, ओठ हलत नव्हते. करिश्मा शेजारी उभी राहिली.

"आप्पा, मोजून एखादं कमी भरलं तर?"

"चोर, न्हायतर लांडगा."

"आन् जास्त भरलं तर?"

बिरूचा हात थांबला. "जास्त? तसं दोनदाच झालं माझ्या जल्मात. दुसऱ्याचं चुकून आपल्यात मिसळतंय."

"मंग काय करायचं?"

"काय न्हाय. बांधून ठिवायचं." त्यानं शेवटचं कोकरू ढुंगणावर चापटी मारून आत लोटलं. "ज्याचं आसतंय त्यो हुडकत येतो की. न्हाय येऊन सांगतोय कुणाला?"

आतून आईनं, तारामतीनं, आवाज दिला, "बाप-लेकीचं मोजून झालं आसंल तर जेवायला या. न्हायतर मीच मोजून घिते तुमाला."

६

गुरुवारी फाइल दहा अठ्ठावन्नला आली. शेवट अकरा अठ्ठेचाळीस.

करिश्मानं हेडफोन लावला. मामा कागद-पेन्सिल घेऊन एसटीची वेळ लिहायला बसले होते.

"अकरा नऊ," ती म्हणाली. मामांनी लिहून घेतलं आणि ते दाराकडं निघाले.

पुढं अकरा चव्वेचाळीसला पत्र्यावर बाजरी ओतली गेली. रोजच्यासारखीच. मागून ठोके आले. पाऊल, पाऊल, काठी. पडद्यावर विद्यापीठाच्या संगणकांनी आपणहून त्या ठोक्यांपुढं नाव घातलं होतं: 'वडील'.

मग बाजरी उधळली. सगळी मेंढरं एकदम चहूकडं फाकली. ठोके थांबले. थोडा वेळ काहीच नाही. आणि अकरा सत्तेचाळीसला केबलच्या सोळाशे दहाव्या मीटरवर एक जड धप्प झालं. पोतं टाकावं तसं. त्यानंतर ठोके नाहीत. शेवटापर्यंत नाहीत.

तिनं पुन्हा ऐकलं. मग तिसऱ्यांदा.

आप्पांचा फोन लावला. तो पिशवीत, पिशवी खांद्यावर आणि फोन बंद. बॅटरी वाचवायला बिरू फोन फक्त रविवारी चालू करायचा.

"मामा! गाडी काढा!"

"आगं पर एसटी अजून..."

"मामा, आप्पा पडणार हायत!"

बब्रुवानमामांनी कागद खिशात कोंबला, खोलीला कुलूप घातलं, चहाचा थर्मास मात्र न विसरता गळ्यात अडकवला आणि मोटारसायकलला लाथ मारली. घड्याळात अकरा वाजून आठ मिनिटं झाली होती. डांबरी रस्त्यानं जाताना समोरून एसटी आली. मामांनी मनगट वर करून पाहिलं आणि वाऱ्यात ओरडले, "अकरा नऊ! टक्कच!"

करिश्मानं त्यांच्या पाठीत बुक्की घातली.

७

बिरू सापडला गावठाणाच्या पलीकडं, माळावर. दगडावर बसून काठी तासत होता. धडधाकट. करिश्मानं वाटेत शंभर गोष्टी ठरवल्या होत्या, पण खरं सांगितलं तर हा माणूस मुद्दाम बघायला जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"आप्पा, चला लवकर! पाझर तलावावर मेंढरांचा डॉक्टर आलाय. लस टोचायलाय. वरच्या अंगानं चला, गावठाणातनं नको, तिकडं... तिकडं साप निघालाय."

"डॉक्टर?" बिरू उभा राहिला. "सहा महिनं झालं, लशीसाठी पाच खेटं घातलं म्या. आन् आता आपल्या पायानं आला?"

"आलाय न्हवं का! चला!"

कळप वरच्या अंगानं तलावावर पोचला तेव्हा अकरा अडतीस झाले होते. चिंचेखाली सावली होती. डॉक्टर नव्हता, अर्थातच. बिरू कपाळावर हात धरून चारी दिशांना पाहू लागला.

"कुठंय?"

"येतोच म्हणाला," मामा थर्मासचं झाकण फिरवत म्हणाले. "दौऱ्यावर आसतील सायेब. बसा, च्या घ्या."

या जिल्ह्यात साहेब दौऱ्यावर आहेत म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही. बिरू बसला. काठी मांडीवर आडवी ठेवली. करिश्मा त्याच्या समोर बसली आणि मोबाइलमधली मिनिटं मोजत राहिली. पंचेचाळीस. सेहेचाळीस. मामा सांगत होते की त्यांच्या चुलत्याच्या लग्नात वऱ्हाडाची जीप लातूरला जायची ती निलंग्याला गेली आणि तिथल्या मांडवात सगळे जेवून आले. सत्तेचाळीस. बिरू हसता हसता खोकला आणि चहा धोतरावर सांडला. अठ्ठेचाळीस.

काही झालं नाही. मेंढरं पाणी पीत होती.

करिश्मानं एवढा मोठा श्वास सोडला की दोघंही तिच्याकडं पाहू लागले. मग तिनं सगळं सांगून टाकलं. फाइल, शेपूट, एसटी, धप्प. बिरूला राग आला तो फक्त डॉक्टरचा.

"म्हंजे लस न्हायच?"

"आप्पा, तुमी पडला आसता! रोज जसं मेंढरांमागनं गावठाणातनं चालत जाता, तसं आज गेला आसता तर..."

"कुठनं?"

"गावठाणातनं."

"म्या?" बिरूनं कप खाली ठेवला. "म्या न्हाय बा कधी गावठाणातनं जात."

"रोज जाता की, आप्पा. मी ऐकते."

"मेंढरं जात्यात. मुक्या जीवाला माफ हाय. म्या खालनं ओढ्याच्या काठानं वळसा घिऊन पुढं उभा ऱ्हातो." त्याचा आवाज समजावणीचा झाला, लहानपणी तिला करडं-कोकरं ओळखायला शिकवताना असायचा तसा. "आगं, तिथं लोकांची घरं हायत. चुली हायत, उंबरं हायत, देवाच्या खोल्या हायत. माती आली म्हणून काय झालं? कुणाच्या सैपाकघरातनं पायतानं घालून चालतंय का माणूस? आमच्या बापानं घालून दिलंय ह्ये. तीस वर्सं झाली, माझं पाऊल न्हाय पडलं तिथं."

मामांनी मान डोलावली. "खरंय. धनगराचं कोण बी जात न्हाय तिथनं. मला वाटलं तुला ठावं आसंल."

तिला ठाऊक नव्हतं. ती शाळेत होती, कॉलेजात होती. मेंढरांमागं ती कधी गेलीच नव्हती.

"तुमी पाऊल ठिवतच न्हाय, तर मंग पडणार कसं व्हता?" मामांनी बिरूला विचारलं.

"मेंढरं उधळली आसती तर शिरलो आसतो की आणायला," बिरू सहज म्हणाला. "तेवढ्यापुरतं जावंच लागंल."

करिश्मानं मेंढरांकडं पाहिलं. सगळी तोंडं पाण्याकडं होती. एक म्हातारी मेंढी तेवढी गावठाणाच्या दिशेला मान करून उभी होती, आणि बिरूनं हाळी दिली तरी वळली नाही.

८

परत येताना मामांनी गाडी पाणंदीनं घातली. जवळची वाट म्हणून. गावाच्या तोंडाशी, पाणंदीला लागूनच गजराबाईचं घर. ती अंगणात मिरच्या वाळत घालत होती.

"गजराबाई, इकडनं कोण गेलं का दुपारचं?" करिश्मानं विचारलं. का विचारलं ते तिलाही सांगता आलं नसतं.

"कोण न्हाय बाई. म्या हितंच हाय सकाळधरनं. मघाशी कोंबड्या तेवढ्या एकदम घरात पळाल्या. घार आसंल म्हणलं, वर बघितलं, तर घार बी न्हाय." मग तिनं मामांना विचारलं, "उद्याची एसटी किती वाजता वो?"

"उद्याला यंत्राची सुट्टी हाय," मामा म्हणाले.

एक वाजता मामांनी खोलीचं कुलूप उघडलं. आत सगळं जागच्या जागी. मामा खुर्चीत बसले, पाय लांब केले आणि पंख्याला विनवू लागले. करिश्मानं विद्यापीठाला काही पाठवलं नाही, तिकडून काही मागवलं नाही. चारशे संगणक नाहीत, लाइन नाही, चाळीस भाग नाहीत. भिंतीतून आलेली केबल ज्या यंत्रात शिरते, त्या यंत्रातलीच मूळ नोंद तिनं काढली. हिला अजून कुणाचा हात लागला नव्हता.

अकरा चव्वेचाळीस. मेंढरं नाहीत. असायची कशी?

ठोके होते. पाऊल, पाऊल, काठी. गावठाणाच्या पश्चिमेकडून, रोजच्या वाटेनं, रोजच्या चालीनं. सोळाशे दहाव्या मीटरवर ते आले आणि थांबले. अकरा सत्तेचाळीस झाले. धप्प झालं नाही.

ती ऐकत राहिली. मिनिटामागून मिनिट गेलं. पुढं अकरा मिनिटं गावठाणात दुसरं काहीच हललं नाही, पण ठोके निघूनही गेले नव्हते. कुणाची वाट पाहत उभं राहिलं की माणूस मधूनच काठी टेकतो, तशी काठी दोनदा टेकली.

अकरा अठ्ठावन्नला ते पुन्हा निघाले. करिश्माला वाटलं, पश्चिमेला जातील. पडद्यावरचा मीटरचा आकडा कमी होत होता. पंधराशे. चौदाशे. गावठाण संपलं. तेराशे पन्नास. चौऱ्याऐंशी दिवसांत गावठाणाच्या बाहेर तिनं ते कधीच ऐकले नव्हते. ऐकायचा संबंधही नव्हता, कारण ती गावठाणाचाच तुकडा कापून पाठवायची. पाणंद. हजार. आठशे. घाई नव्हती. पाऊल, पाऊल, काठी. दीडशेव्या मीटरला गजराबाईचं अंगण.

"मामा," ती म्हणाली, "आपण जाताना कुलूप घातलं व्हतं ना?"

"म्या सोता वढून बघितलं. कामून गं?"

तिनं वळून खोलीच्या दाराकडं पाहिलं. मामा चहाचा तळ कपात ओतत होते आणि उद्या शुक्रवार, परवा शनिवार, डबा कुणाच्या पायाशी द्यायचा याचा विचार मोठ्यानं करत होते.

शनिवारी डबा गेला, मूळ नोंदीसकट. करिश्मानं सोबत दोन पानांचं पत्र जोडलं. मग दुसरं, मग तिसरं. एकवीस दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: 'सदर नोंद गोंगाट म्हणून वगळण्यात आली आहे.' कुणी वगळली, कोणत्या अधिकारात वगळली, शेपटाचं काय, चौऱ्याऐंशी दिवसांचं काय, याबद्दल एक अक्षर नाही. रणधीर सर अजून बघताहेत.

विद्यापीठानं वगळली तरी करंजवाडीच्या यंत्रात ती नोंद आजही आहे. कुणालाही जाऊन ऐकता येईल. त्या गुरुवारी बारा वाजून एकतीस मिनिटांनी ती पावलं तिसऱ्या मीटरवर, म्हणजे या खोलीच्या पायरीशी, पोचली. त्याच्या अलीकडं केबल जमिनीत नाही, भिंतीत आहे. तिथलं काही नोंदलं जात नाही. ती पावलं पायरीवरून परत फिरल्याची नोंद आजपर्यंत झालेली नाही.